एकाच वर्गातली मुलं

मराठीत ‘वर्ग’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. एक शाळेतला वर्ग. तिथं फळा असतो, बाकं असतात, हजेरी होते. दुसरा समाजातला वर्ग. तिथं हजेरी होत नाही, पण कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं. वयात येणाऱ्या मुलांवरच्या आपल्या चांगल्या कादंबऱ्या या दोन वर्गांची गाठ पडते तिथं घडतात. मुलं शेजारी बसतात, दोस्ती जमते, एकमेकांसाठी मार खातात. मग कधीतरी कळतं, की आपण एका वर्गात होतो, पण एका वर्गातले नव्हतो.

मला हे कळलं ते नववीत, १९८४ च्या सुमाराला. माझ्या बाकावर पासलीचा एक मुलगा बसायचा. पासली हे वेल्ह्याहून केळदकडं जाणाऱ्या वाटेवरचं डोंगरातलं गाव. तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच. हा मुलगा सोमवारी आठवड्याचे तांदूळ आणि नाचणीचं पीठ घेऊन यायचा आणि शनिवारी शाळा सुटली की घरची वाट धरायचा. आम्हीही श्रीमंत नव्हतो. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. पण दुकानाला दिवा होता, आणि त्या दिव्याखाली रात्री मला अभ्यास करता येत होता. एवढाच काय तो फरक. तेव्हा तो दिसला नाही.

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये शिवबा आणि त्याचे सवंगडी असा प्रवेश बसवला होता. आमच्या मावळात ही गोष्ट प्रत्येक मूल चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाआधीच ऐकतं. शिवबाच्या मांडीला मांडी लावून गरीबघरची पोरं बसायची, हे सांगताना आमच्या आज्यांचा आवाज बदलायचा. प्रवेशात शिवबा झाला तो पेठेतल्या मोठ्या दुकानदाराचा मुलगा, कारण अंगरखा आणि जिरेटोप त्याच्या घरून येणार होता. मावळे झाली ती डोंगरातली मुलं. त्यांची घोंगडी आणि काठी स्वतःचीच होती. पोशाखाचा खर्च नाही, असं सर हसून म्हणाले. आम्हीही हसलो.

पुढं एक दिवस वर्गाची काच फुटली. चेंडू माझा, फटकाही माझा. ‘कुणी फोडली?’ असं विचारल्यावर पासलीचा मुलगा उठून उभा राहिला. छड्या त्यानं खाल्ल्या. मी खाली मान घालून बसून राहिलो. काचेचे पैसे भरायला त्याच्या वडिलांना कोंबड्या विकाव्या लागल्या, हे मला फार उशिरा कळलं. वार्षिक परीक्षेत तो नापास झाला आणि पुण्याला हॉटेलात कपबश्या धुवायला गेला. मी पुढं बीए झालो.

आम्ही दोघं एका बाकावर आलो, ही गोष्ट मात्र साधी नव्हती. त्या बाकाला इतिहास आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उघडायला सुरुवात केली. एकेका जातीसाठी वेगळं वसतिगृह, ही त्या काळाची गरज होती. निदान मुलगा शहरात येऊन राहील, शिकेल. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पुढचं पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकलं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं, की जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. एका पंगतीत बसायची सवय आधी, मग पुस्तक, असा तो हिशेब होता. राज्यात १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. गावोगावी माध्यमिक शाळा निघाल्या. मामलेदाराचा मुलगा, मास्तरांची मुलगी, शिंप्याचा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच मराठी शाळेत दिसू लागले. त्याआधी असं चित्र आपल्याकडं क्वचितच होतं.

या बाकापर्यंत पोचण्याची लढाई आनंद यादवांच्या ‘झोंबी’त आहे. १९८७ मध्ये आलेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. गाव कागल, म्हणजे ज्या घाटगे घराण्यात शाहू महाराज जन्मले त्यांचंच. शिक्षणाचा कायदा होऊन बराच काळ लोटलेला, तरी इथला बाप पोराला शाळेतून काढून मळ्यावर जुंपतो. आई गावच्या मातब्बर माणसाकडं जाऊन गाऱ्हाणं घालते, तेव्हा पोर पुन्हा वर्गात बसतं. बसल्यावर काय होतं? एक मुलगा त्याच्या गमछ्याची टिंगल करतो. कपड्यावरून घर ओळखायला मुलांना वेळ लागत नाही. पण त्याच वर्गात वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा आहे. त्याचं पाहून हा गणितं सोडवायला लागतो आणि दोघांची दोस्ती जमते. पुस्तकातली ही पानं मला फार मोलाची वाटतात. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला बरोबर घ्यावं, एवढीच ती दोस्ती. पण त्या पोराचं आयुष्य त्यानं फिरतं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. काळ आणीबाणीचा, १९७५-७६. मुंबईच्या आसपासचं निमशहर. मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या ही नववीतली चौकडी. इथं बाकापर्यंत सगळे पोचलेले आहेत. जोशी नोकरदाराच्या घरातला, फावड्याच्या घरी भाजीचा धंदा. अर्धवट बांधलेल्या इमारतीत चौघं जमतात तेव्हा कुणाचं घर कुठलं याला किंमत नसते. फरक बोलून दाखवला जात नाही. तो घरच्या अपेक्षांत आणि मार्कांत असतो, आणि वर्ष संपताना हळूच समोर येतो. दहावीची शालान्त परीक्षा १९७५ मध्ये सुरू झाली होती. नववी म्हणजे त्या दाराच्या अलीकडचं शेवटचं मोकळं वर्ष. कादंबरीचा मोठेपणा असा, की ती यावर भाषण करत नाही. फक्त चौकडी विस्कटताना दाखवते.

अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीनं शाळेत असतानाच ‘द आउटसायडर्स’ लिहिली. ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथं गरीब आणि श्रीमंत मुलांच्या दोन टोळ्या आहेत आणि त्या रस्त्यावर उघड भिडतात. आपल्याकडं तसं होत नाही. आपल्या मुलांना एकाच डब्यातली भाकरी खाताना एकमेकांपासून दूर जावं लागतं. मला हे जास्त अवघड वाटतं, कारण इथं मारायला समोर कुणी शत्रूच नसतो.

मुलं या दोस्तीला निष्ठा म्हणत नाहीत. आमच्याकडं शब्द आहे ‘इमान’. तो अरबीतून आला. मूळ अर्थ श्रद्धा, अल्लावरचा विश्वास. मावळात येऊन तो माणसांच्या दिल्या शब्दावर, खाल्ल्या मिठावर आणि दोस्तीवर उतरला. कवी म्हणून मला या शब्दाचा हा प्रवास आवडतो. पण काचेची गोष्ट आठवली की एक शंका येते. इमान राखायची अपेक्षा आपण नेहमी खालच्याकडून करतो. मावळ्यानं जीव द्यावा, गड्यानं नाव घेऊ नये, गरीब दोस्तानं छड्या खाव्यात. वरच्यानं काय द्यावं? बहुधा तो आठवण देतो. लेख लिहितो, भाषण करतो. ‘शाळा’ सांगणारा जोशी असतो, फावड्या नसतो. ‘झोंबी’ वेगळी ठरते, कारण तिथं गमछेवाल्यानंच लेखणी हातात घेतली.

काही वर्षांपूर्वी तो पासलीचा मित्र मला वेल्ह्याच्या बाजारात भेटला. पुण्यातून परत येऊन आता भात करतो. धीर करून काचेचा विषय काढला. तो म्हणाला, ‘‘अरे, माझी शाळा सुटणारच होती. तुझी कशाला सोडवायची?’’ आणि तांदळाचा भाव सांगू लागला. चौदाव्या वर्षी त्यानं हा हिशेब केला होता. मी तो तेव्हा करायला हवा होता.

आज तर तो बाकच राहतो की नाही, अशी स्थिती आहे. ज्याची ऐपत आहे त्याचं मूल इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती ऐपत नसलेली. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. वरवर हा प्रवेशाचा वाद. मला तो बाकाचा वाद वाटतो.

फीची सवलत मुलाला वर्गात आणू शकते. पण मुलाशेजारी कोण बसणार, हे आपण पालक ठरवतो. आपल्या मुलाच्या शेजारी पासलीचा मुलगा नसेल, तर त्याला गणित शिकवायची आणि त्याच्यासाठी उठून उभं राहायची वेळच आपल्या मुलावर येणार नाही. माझ्यावर ती आली होती, आणि मी बसून राहिलो.