बिऱ्हाड, जागा आणि मुहूर्त : मुंबईतील घरखरेदीचे सणवार

दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या दिवशी मुंबईतल्या मराठी वर्तमानपत्राची दोन-चार पाने उलटल्याशिवाय पहिली बातमी सापडत नाही. ती पाने इमारतींच्या जाहिरातींनी व्यापलेली असतात आणि ‘साडेतीन मुहूर्तांपैकी एक’ हे शब्द त्यांत हमखास येतात. वाचणाऱ्याला वाटते, सणाला घर घ्यायची ही चाल आजोबा-पणजोबांपासूनची असावी. पण मुंबईतल्या बहुतेकांच्या पणजोबांनी या शहरात घर विकत घेतलेलेच नव्हते. त्यांनी बिऱ्हाड केले होते.

मी कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीसेक वर्षे जुन्या भाडेपावत्या, चाळींच्या गणेशोत्सवांचे अहवाल, वास्तुशांतीच्या पत्रिका आणि वर्गणीची पुस्तके रद्दीवाल्यांकडून नि ओळखीपाळखीतून जमवत आलो आहे. हे कागद एकमेकांशेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. मुंबईकराचे घर बदलले तेव्हा त्याचे सणही बदलले, आणि कधी कधी हे उलट्या क्रमानेही घडले.

घर गावाला, बिऱ्हाड मुंबईला

आधी शब्द पाहू. कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेला माणूस ‘घर’ हा शब्द गावासाठी राखून ठेवी. मुंबईत असे ते बिऱ्हाड, आणि ज्यात ते थाटायचे ती खोली किंवा जागा. लग्न जुळवताना ‘मुलाची मुंबईत जागा आहे का?’ असे विचारत, ‘घर आहे का?’ असे नव्हे.

हा शब्दभेद सणांतही दिसतो. कोकणातल्या कुटुंबाचा गणपती मूळ घरात बसायचा. चाकरमानी त्यासाठी रजा काढून, बोटीने किंवा एस.टी.ने आणि कोकण रेल्वे सुरू झाल्यावर रेल्वेने गावी जायचा. दहा बाय दहाच्या खोलीत मुंबईला गणपती आणायचा की नाही, हा प्रश्न भावाभावांत वर्षानुवर्षे रेंगाळे. तो आणणे म्हणजे मुंबईतली जागा हेच आता घर, असे जाहीर करणे. गावच्या थोरल्याला ते रुचत नसे आणि धाकट्यालाही मनातून जड जाई.

मग मुंबईत जे उरले त्यांनी काय केले? त्यांनी चाळीचा गणपती बसवला. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा. मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सवात तो पहिला मानतात. लोकमान्यांची प्रेरणा आणि राजकारण यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यामागची जागेची अडचणही तेवढीच महत्त्वाची वाटते. खोली कुणाचीच मालकीची नव्हती, पण चौक सगळ्यांच्या वापराचा होता. ज्याच्याकडे स्वतःचा देव्हारा मांडायला कोनाडाच होता, त्याला चौकात मंडप मिळाला.

लालबागच्या राजाची कथा तर सरळ जागेचीच आहे. मंडळ स्वतः सांगते त्यानुसार पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला. उघड्यावर आलेल्या कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. म्हणजे आज ज्याच्यापुढे नवसाची रांग तासन्‌तास सरकत नाही, त्याचा पहिला नवस मुंबईत जागा मिळावी हाच होता.

भाडे गोठले, पागडी वाढली

मुंबईतला माणूस भाड्याने का राहिला, याला कारणे आहेत. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीच्या वस्त्यांची दैना उघडी पाडली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंदावले, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली गेली. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. प्रत्येक कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामायिक संडास, हा त्यांचा नमुना. मालक सरकार असो, गिरणी असो वा एखादा शेठ, राहणारा मात्र भाडेकरूच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीच्या सुमारास गर्दी वाढली, तेव्हा १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. भाडेकरूला मोठे संरक्षण मिळाले. पण ज्या इमारतीचे भाडे वाढत नाही तिला मालक रंगही लावत नाही, ही दुसरी बाजूही लवकरच दिसली. पुढे पडझड इतकी झाली की १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि बेट शहरातल्या १९ हजारांहून अधिक इमारती उपकरप्राप्त, म्हणजे बोलीभाषेत ‘सेसच्या’, ठरल्या.

भाडे गोठले तरी जागेची किंमत गोठली नाही. ती पागडीच्या रूपाने वर आली. कायद्याने पागडी घेणे गुन्हा होता, व्यवहारात तिच्याशिवाय पान हलत नसे. भाडेपावती नव्या नावावर करताना मालकाने रकमेचा सुमारे तिसरा हिस्सा घ्यायचा, हा अलिखित शिरस्ता पडला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशा रकमेला अखेर मान्यता दिली, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

आता पागडीच्या व्यवहाराला मुहूर्त कसा असणार? जो व्यवहार लपूनछपून, रोखीत आणि दोन साक्षीदारांच्या शब्दावर होतो, त्याची पत्रिका कोणी छापत नाही. माझ्या संग्रहातल्या जुन्या भाडेपावत्यांवर दसरा-पाडव्याच्या तारखेला नाव बदललेले मला आढळत नाही. त्या दिवशी खोलीत पूजा होई ती शस्त्रांची, अवजारांची आणि पोथ्यांची.

मुहूर्त प्रवेशाचा की खरेदीचा?

शास्त्रातल्या मुहूर्ताचे म्हणणे काय ते पाहू. वर्षप्रतिपदा, अक्षय्य तृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, अशी साडेतीन मुहूर्तांची रूढ मोजणी आहे. पण नव्या घरात राहायला जाण्यासाठी मुहूर्तग्रंथांनी माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे महिने प्रशस्त मानले. साडेतीन मुहूर्तांपैकी या महिन्यांत बसते ती एकटी अक्षय्य तृतीया. दसरा आणि दिवाळी पाडवा तर चातुर्मासात येतात. म्हणजे घराच्या खरेदीला आज जे दोन दिवस सर्वांत मोठे मानले जातात, ते गृहप्रवेशाच्या जुन्या यादीत नाहीत.

हे कोडे सुटते ते ‘स्वयंसिद्ध’ या शब्दापाशी. या दिवशी पंचांग उघडावे लागत नाही, पत्रिका जुळवावी लागत नाही. दिवस सर्वांना सारखाच शुभ. गृहप्रवेशाचा मुहूर्त घराच्या माणसापुरता काढायचा असतो, स्वयंसिद्ध मुहूर्त साऱ्या गावाचा असतो. तो वर्षभर आधी ठाऊक असतो, म्हणून त्याची जाहिरात करता येते. बाजाराला असाच दिवस लागतो. व्यापाऱ्यांनी पाडव्याला वहीपूजन करून नवे खाते उघडावे, ही रीत आधीपासून होतीच. घर जेव्हा बाजारातली वस्तू झाले तेव्हा त्याने बाजाराचा मुहूर्त उचलला.

घर बाजारात केव्हा आले? मालकीची सामुदायिक वाट आधी दिसली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुबराव तालमकी यांनी हे बीज लावले. आज महाराष्ट्रातली प्रत्येक सोसायटी त्यांची ऋणी आहे. पण सर्वसामान्य नोकरदाराला ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द ओळखीचा झाला तो स्वातंत्र्यानंतर. त्या विक्रीतल्या लबाड्या इतक्या वाढल्या की १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा करावा लागला. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेऊ नये, असे त्यात सांगितले गेले. पुढे रेराने ही मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. ‘टोकन देऊन बुकिंग’ हा आजचा दसऱ्याचा विधी या आगाऊ रकमेच्या पोटी जन्माला आला आहे. त्या दिवशी माणूस घर घेत नाही, घर घेण्याचा शब्द घेतो. भिंती पुष्कळदा उभ्याही राहिलेल्या नसतात.

दुसरे कारण रोकड. गिरण्यांच्या मुंबईत बोनस हा मोठा विषय होता. १९२४ चा गिरणी संप बोनसवरूनच झाला. १९६५ च्या बोनस कायद्याने हिशेबवर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस देणे बंधनकारक केले. मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कंपनीला ही मुदत नोव्हेंबरअखेर पडते, आणि दिवाळी त्याच्या अलीकडे. वर्षातून एकदाच हातात थोडी मोठी रक्कम येणाऱ्या माणसाने त्याच आठवड्यात मोठा निर्णय करावा, यात श्रद्धेइतकाच हिशेबही आहे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केल्यावर गृहकर्जाचा रस्ता मोकळा झाला, आणि भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने नि गावची जमीन यांपलीकडे नोकरदाराला आधार मिळाला.

सरकारनेही हे पंचांग ओळखले आहे. २०२० मध्ये करोनाने व्यवहार थंडावले, तेव्हा १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुंबईतले मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणले गेले. या मुदतीत पितृपंधरवडा होता, तसेच दसरा आणि दिवाळीही होती. त्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. सवलतीची शेवटची तारीख हाच त्या वर्षीचा सर्वांत मोठा मुहूर्त ठरला.

उत्सव परत येतो

मालकीचे घर मिळाले ते बहुतेकांना गिरगाव-लालबागला मिळाले नाही. ते मिळाले डोंबिवलीला, बोरिवलीला, विरारला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून माणसे हलली, आणि कुटुंब वाढले तसे गिरगावातूनही. चाळींच्या उत्सवाच्या अहवालांत हे स्थलांतर टिपलेले दिसते. जुन्या वर्गणीच्या यादीत नावापुढे फक्त खोली क्रमांक असतो. मग कंसात ‘सध्या डोंबिवली’, ‘सध्या दहिसर’ असे लिहिले जाऊ लागते. काही वर्षांनी कंस गळतो, खोली क्रमांकही गळतो, आणि उरतो तो उपनगराचा पत्ता. वर्गणी मात्र येत राहते. जनगणनेच्या तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट या यादीत दिसते. माणूस कुठून गेला हे तक्ता सांगतो; तो दरवर्षी कुठे परततो, हे वर्गणीचे पुस्तक सांगते.

उपनगरांनी केवळ घेतले नाही, दिलेही. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये निघाली. तिचे अनुकरण गावोगाव झाले आणि गिरगावातही दिमाखदार यात्रा निघू लागली. आज अनेकांना ती गिरगावची जुनी रीत वाटते. प्रत्यक्षात, स्वतःचे घर मिळालेल्या पण चौक हरवलेल्या लोकांनी रस्त्यालाच चौक केले, आणि तो उत्सव मूळ शहराकडे पोचला, असे मला वाटते.

आता फेरा पूर्ण होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या दोनेक आठवडे आधी, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, आणि घरातच संडास-मोरी. ज्यांनी बादली घेऊन रांगेत आयुष्य काढले त्यांच्यापुढे चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणे मला अशिष्ट वाटते. चाळीतले एकत्र असणे पुष्कळदा नाइलाजाचे होते, आणि बाईमाणसाला तर त्याची किंमत रोज मोजावी लागे.

तरी एक प्रश्न उरतो, आणि तो भावनेचा नसून आराखड्याचा आहे. पुनर्विकासाच्या करारनाम्यात चटईक्षेत्र असते, कॉर्पस फंड असतो, संक्रमण काळाचे भाडे असते, वाहनतळ असतो. मंडपाची जागा बहुधा नसते. भाडेकरूला चौकावर कागदोपत्री कोणताच हक्क नव्हता; वहिवाट होती. मालकी मिळताना खोलीची वहिवाट नोंदली जाते, चौकाची जाते विसरून. पोडियमवर उत्सव करायचा तर अग्निशमनाची वाट मोकळी ठेवावी लागते, विक्रीच्या सदनिकांत आलेल्या नव्या रहिवाशांची संमती लागते. १८९३ मध्ये ज्याच्याकडे घर नव्हते त्याला चौक होता. आज घर मिळालेल्याने चौकाचा चौरस फुटांत हिशेब मागितला नाही, तर तो त्याला कोणी आपणहून देणार नाही.

म्हणून ज्यांच्या चाळीचा करारनामा अजून व्हायचा आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच. वास्तुविशारदाच्या नकाशावर मंडपाची जागा आखून घ्या, तिची मापे करारनाम्यात लिहा. आणि खोली रिकामी करताना वर्गणीची पुस्तके रद्दीत घालू नका. चौक तुमच्या वहिवाटीचा होता याचा तोच एक लेखी पुरावा असेल.