पेशीची वेस: एका मोजमापाचा इतिहास

#थ्रेड
१/ प्रत्येक सजीव पेशीला एक वेस असते: पेशीपटल. तिची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिचे दर्शन घडवण्याच्या कितीतरी आधी तिची रचना ओळखली गेली. ती कशी?

२/ १८९० च्या दशकात झुरिक येथे चार्ल्स ओव्हर्टन यांनी असंख्य पदार्थ पेशींवर तपासून पाहिले. तेलात सहज विरघळणारे पदार्थ पेशीत चटकन शिरत. यावरून ही वेस मेदासारख्या द्रव्याची असावी, असे अनुमान त्यांनी काढले. पण या मेदाचे थर किती?

३/ ते मोजण्याच्या साधनाचा उगम मात्र जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे, एका घरात झाला होता. आग्नेस पोकेल्स यांना भौतिकशास्त्राची ओढ होती. पण तेथील विद्यापीठांची दारे तेव्हा स्त्रियांना बंद होती. घरकाम आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा सांभाळत त्यांनी १८८२ च्या सुमारास पत्र्याचे एक पसरट पात्र केले. पाण्यावरचा तेलाचा तवंग पट्टीने सरकवून त्याचे क्षेत्रफळ आणि पृष्ठताण त्या मोजू लागल्या.

४/ १८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध करवले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी हे साधन सुधारले आणि १९१७ मध्ये दाखवून दिले की, असा तवंग एकाच रेणूच्या जाडीचा असू शकतो.

५/ १९२५. नेदरलंड्समधील लायडन. एव्हर्ट गोर्टर आणि एफ. ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर पसरवला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. अर्थ स्पष्ट होता: पटल दुपदरी आहे. रेणूंची जलस्नेही डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, तर पाणी टाळणारी शेपटे आत, एकमेकांकडे.

६/ गंमत अशी की, या प्रयोगात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि वाळवलेल्या पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही उणिवांनी एकमेकींना छेद दिला. गुणोत्तर दोनच राहिले!

७/ पण मेदाच्या या भिंतीतून साखर व क्षारांचे आयन सहजी जात नाहीत. त्यांना दारे हवीत, ती प्रथिनांची. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची व माणसाची पेशी एकत्र जोडली. सुमारे ४० मिनिटांत दोहोंची प्रथिने पृष्ठभागावर मिसळून गेली. म्हणजे वेशीतली दारेसुद्धा फिरती! १९७२ मध्ये सिंगर व निकोलसन यांनी या चित्राला ‘द्रवरूप मोझेक’ म्हटले.

८/ लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेस पोकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पत्र्याच्या त्या पात्राला तेव्हा सुमारे ५० वर्षे झाली होती.