सामाजिक शास्त्रांचे विद्यापीठीय अध्ययन (नवी मुंबई)

समाज, अर्थव्यवहार, राज्यसंस्था व इतिहास यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या विद्याशाखांना सामाजिक शास्त्रे म्हणतात. नवी मुंबईतील त्यांचे पदवी शिक्षण मुख्यतः १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे अध्यापन स्वतः करून पदवी विद्यापीठाची देणाऱ्या संस्थांत, चालते; रयत शिक्षण संस्थेचे वाशी येथील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय त्यांपैकी एक होय. पदव्युत्तर अध्ययनासाठी अनेकांना खाडीपलीकडे कालिना येथील विद्यापीठाचा विद्यानगरी परिसर गाठावा लागतो, तर नोकरदारांना दूरस्थ शिक्षणाचा, म्हणजे नियमित वर्गांऐवजी मुख्यतः पाठवलेल्या अभ्याससाहित्यावर आधारलेल्या शिक्षणाचा, पर्याय असतो.

या विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होते, ही गोष्ट नवी मुंबईसारख्या नियोजित शहरातील विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये यांनी क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन केलेले निरीक्षण, आणि ग्रंथाधारित संशोधन यांची सांगड घातली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास व अ. र. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी.

अभ्यासाची सामग्री मात्र दाराशीच आहे: १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या नवी मुंबई उभारणाऱ्या शासकीय महामंडळासाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी संपादित झाल्यावर उभा राहिलेला आगरी व कोळी या स्थानिक समाजांतील प्रकल्पग्रस्तांचा, म्हणजे संपादनामुळे उपजीविका गमावलेल्यांचा, प्रश्न आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्यांचे १९८४ चे जासई आंदोलन हे विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व समाजशास्त्र या तिन्हींच्या कक्षेत येतात आणि एकट्या कोणत्याही शाखेच्या चौकटीत पुरते मावत नाहीत.