ऑर्ग-मोड

ऑर्ग-मोड : नोंदी, कामे, चेकलिस्ट आणि तारखा एकाच जागी सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली. ती जीएनयू ईमॅक्स या मजकूर-संपादकात चालते. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ती लिहिली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात ग्रहनिर्मितीवर संशोधन करणाऱ्या डॉमिनिक यांना स्वतःच्या टिपणांचा आणि कामांचा मेळ घालायचा होता. ईमॅक्समध्ये मथळे मिटण्या-उघडण्याची सोय आधीपासून होती. तिच्यावरच त्यांनी ही रचना उभी केली. ईमॅक्सच्या २००७ मधील २२ व्या आवृत्तीपासून ऑर्ग त्याच्याबरोबरच मिळते.

सगळा मजकूर साध्या अक्षरांच्या फाइलमध्ये राहतो. ओळीच्या आरंभी एक तारका (*) म्हणजे मुख्य मथळा, दोन तारका म्हणजे उपमथळा. मथळ्याच्या मजकुराआधी ‘टूडू’ हा शब्द आला की त्याचे काम होते. ते उरकले की त्या जागी ‘डन’ येते. काम, त्याविषयीचे टिपण, संबंधित पत्राचा दुवा आणि त्यावर गेलेल्या वेळेची नोंद एकाच मथळ्याखाली राहू शकते. कुठलीही फाइल कुठल्याही संपादकात उघडता येते, त्यामुळे उद्या ऑर्ग सोडले तरी लिहिलेले हातचे जात नाही. वर्षानुवर्षांच्या वैयक्तिक नोंदींसाठी हा फार मोठा आधार आहे.

काम आणि चेकलिस्ट यांच्यात ऑर्गने राखलेला भेद हे या प्रणालीचे खरे मर्म. बऱ्याच ॲपांत ‘वीजबिल भरणे’ आणि ‘पिशवीत छत्री ठेवणे’ या दोन्ही गोष्टी एकाच रांगेत बसतात आणि रांग इतकी लांबते की माणूस ती उघडेनासा होतो. ऑर्गमध्ये काम मथळ्याला लागते, तर चेकलिस्ट मथळ्याखालच्या साध्या यादीत, चौकटी कंसांनी लिहितात. गणपतीच्या तयारीचे उदाहरण घेऊ. ‘मूर्तीची नोंदणी करणे’ हे तारखेचे स्वतंत्र काम आहे. दूर्वा, जानवे, कापूर, वाती, पाट हे मात्र ‘पूजेचे साहित्य आणणे’ या एका कामाखालचे तपासणीचे मुद्दे. कंसात खूण केली की मुद्दा संपतो. कामांच्या एकत्रित यादीत तो कधी येतच नाही. मथळ्याशेजारी मोजणीची खूण घातली, तर पाचांपैकी तीन झाले असा आकडा किंवा टक्केवारी आपोआप बदलत राहते. पोटयादी अर्धवट झाली असेल, तर वरच्या चौकटीत आडवी रेघ दिसते. सगळ्या चौकटी भरेपर्यंत काम पूर्ण म्हणून नोंदवूच द्यायचे नाही, अशीही अट घालता येते. ती मुळात बंद असते, सेटिंगमधून सुरू करावी लागते.

तारखांचे प्रकार तीन. ‘डेडलाइन’ म्हणजे शेवटची मुदत. तिची आठवण मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस आधीपासून दिसू लागते. ‘शेड्युल्ड’ म्हणजे काम हाती घ्यायचा दिवस. तो टळला तर काम पूर्ण होईपर्यंत रोजच्या पानावर येत राहते. बैठक, लग्न, गाडीची वेळ यांना नुसती तारीख पुरते. नवे वापरकर्ते भेटीगाठींनाही ‘शेड्युल्ड’ लावतात आणि होऊन गेलेले समारंभ थकलेल्या कामांसारखे रोज समोर उभे राहतात. या सर्व तारखा ‘अजेंडा’ हे दृश्य निरनिराळ्या फाइलींतून गोळा करून एका आठवड्याच्या पानावर मांडते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचा विचारही बारकाईने केलेला आहे. घरभाडे ठरल्या तारखेलाच येते, पण पाण्याच्या फिल्टरची मुदत तो मागच्या वेळी बदलला त्या दिवसापासून पुढे मोजावी लागते. या दोहोंसाठी वेगळ्या खुणा आहेत. मात्र ही मोजणी इंग्रजी दिनदर्शिकेने चालते. गणेश चतुर्थी तिथीने ठरत असल्याने तिची तारीख दरवर्षी हातानेच घालावी लागते. शिवाय काम पुढच्या तारखेला सरकले तरी त्याखालच्या चौकटींवरच्या खुणा तशाच राहतात; त्या आपोआप पुसल्या जाण्यासाठी ‘ऑर्ग-चेकलिस्ट’ ही वेगळी जोड घ्यावी लागते. चेकलिस्ट मुळात पुन्हा वापरण्यासाठीच असते, त्यामुळे ही सोय मूळ प्रणालीतच असायला हवी होती.

मराठीत ऑर्ग चांगले चालते. फाइलच्या आरंभी एका ओळीत ‘करायचे’ आणि ‘झाले’ असे शब्द ठरवून दिले की ‘टूडू’ आणि ‘डन’ यांची जागा ते घेतात. ईमॅक्सच्या २७ व्या आवृत्तीत (२०२०) हार्फबझ ही अक्षरजुळणीची व्यवस्था आली आणि जोडाक्षरे अधिक नीट दिसू लागली. तक्त्यांचे रकाने देवनागरीत अजूनही सरळ रेषेत येत नाहीत.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ईमॅक्सच्या कळींची सवय व्हायला वेळ लागतो. फोनवर सहसा ऑर्गझलीसारखे वेगळे ॲप वापरतात, फाइली दोन्हीकडे एकसारख्या ठेवण्याची व्यवस्था वापरकर्त्यालाच करावी लागते, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी बदल झाले तर ते हाताने जुळवावे लागतात. घरातल्या चौघांनी मिळून वापरायच्या वाणसामानाच्या यादीसाठी हे साधन सोयीचे नाही. पण दिवसाचा बराच वेळ संगणकावर लिहिण्यात घालवणाऱ्या आणि स्वतःच्या नोंदी स्वतःच्याच ताब्यात ठेवू इच्छिणाऱ्या माणसाने ऑर्ग शिकण्यावर वेळ खर्चावा; तो वाया जात नाही.