‘जॉइन’ या संज्ञेचा अर्थबदल

एक थ्रेड दुसऱ्या थ्रेडच्या समाप्तीची वाट पाहतो, त्या क्रियेस आज ‘जॉइन’ म्हणतात. मूळ संज्ञेत मात्र वाट पाहणे अभिप्रेतच नव्हते. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या रचनेत ‘फोर्क’ने कामाच्या शाखा फुटत आणि ‘जॉइन’पाशी एक गणक असे. तेथे पोहोचणारी प्रत्येक शाखा गणकातून एक वजा करी. शून्य न आल्यास ती तेथेच संपे व प्रोसेसर मोकळा होई. अखेरची शाखा तेवढी पुढे जाई. कोणी कोणासाठी खोळंबत नसे.

१९९५ च्या पॉझिक्स थ्रेड मानकात ‘जॉइन’ म्हणजे एका विशिष्ट थ्रेडसाठी थांबणे, हा अर्थ दिसतो. जावाने त्यास मुदतीची जोड दिली आणि नवीच अडचण ओढवून घेतली. मुदतीचे ‘जॉइन’ परतले, तरी थ्रेड संपला की मुदत, हे कळत नसे. त्यासाठी ‘इज-अलाइव्ह’ अशी वेगळी विचारणा करावी लागे. सुरू झालेल्या थ्रेडबाबत तिचे ‘नाही’ हे उत्तर कायमचे खरे; ‘होय’ मात्र हाती येईपर्यंत शिळे झालेले असू शकते. थ्रेड संपला की नाही, हे स्वतःच सांगणारे मुदतीचे ‘जॉइन’ जावात आले ते २०२२ मध्ये, एकोणिसाव्या आवृत्तीत.