बालशस्त्रक्रिया व मातेचे मनःस्वास्थ्य

मुलाचे ऑपरेशन ठरल्यापासून ते घरी येऊन पुन्हा रुळेपर्यंत आईच्या मनावर येणारा ताण हा या नोंदीचा विषय. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, उगाच छातीत धडधडणे ही त्याची नेहमीची लक्षणे. ऑपरेशन छोटे म्हणून ताणही छोटा, हा हिशेब इथे चालत नाही.

पहिली कसोटी उपाशी ठेवण्याची. भुलेत पोटातले दूध उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून प्रचलित नियमाने अंगावरचे दूध ४ तास आणि वरचे ६ तास आधी बंद करतात. तान्हे बाळ पदराशी झटते, आईला पान्हा फुटतो आणि पाजायचे मात्र नाही! कारण समजले असेल तर ती हे निभावून नेते. ‘उपाशी ठेवा’ एवढाच हुकूम मिळाला, तर एखादी न राहवून दोन घोट पाजते आणि ऑपरेशन पुढे जाते.

आईने मुलाजवळ राहावे की नाही, यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. तिथे भेटीच्या वेळा मोजक्या असत. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकातच आयांना बाळांसोबत ठेवून घेतले होते. पण तो अपवाद. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी ८ दिवस दाखल केलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट दाखवला. तिचे आवरलेले रडू पाहून डॉक्टर मंडळी हेलावण्याऐवजी चिडलीच. अखेर १९५९च्या प्लॅट अहवालाने आईला राहू द्यावे अशी शिफारस केली.

आपल्याकडे दुखणे वेगळे. आई खाटेजवळ चटई टाकून असतेच, पण डॉक्टर बोलतात ते बहुधा वडिलांशी किंवा मामाशी. सही त्यांची, जागरण तिचे.

त्यात दोषारोपाची भर पडते. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की ‘ग्रहणात विळी घेतली होतीस का?’ हा प्रश्न निघतो. वास्तविक गर्भाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओठाचे ऑपरेशन बहुधा ३ ते ६ महिन्यांच्या वयात होते, म्हणजे ही टोचणी घेऊनच ती बाळाला थिएटरच्या दाराशी आणते. शल्यविशारदाने हा खुलासा एकदा सासूच्या समक्ष करावा. निम्मे ओझे तिथेच उतरते.

मूल बरे झाल्यावरही आईला दचकून जाग येणे, दवाखान्याचे नाव काढताच घाम फुटणे हे महिनाभर ओसरले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत असून मराठीतही बोलता येते.