कर्करोगाची रसद

विदर्भांतील कोणत्याही गांवच्या पानठेल्याशीं क्षणभर उभें राहिलें, कीं सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदांत घालून खर्रा घोटण्याचा आवाज कानीं पडतो. आमचें कळंब त्यास अपवाद नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. खर्रा घोटला जातोच. त्याचें पर्यवसान ज्यांत होतें, त्या मुखाच्या कर्करोगावरील उपचारांच्या इतिहासांतील एक प्रकरण आज आपणांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखकर्करोगाच्या ओळीनें आलेल्या एक हजार रुग्णांचा अभ्यास १९४४ सालीं प्रसिद्ध केला. रोगाचा व्याप त्यावरून दिसला. पण तो फार पसरल्यावर करावयाचें काय? शस्त्रक्रिया, किरण व पुढें विषारी औषधें, या सर्वांचा रोख गांठीवरच असे. ती गांठ जगते कशावर, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे.

तो विचारला अमेरिकेंतील बोस्टनचे शस्त्रवैद्य ज्यूडा फोकमन यांनीं. १९६० नंतर नौदलाच्या प्रयोगशाळेंत काम करतांना त्यांस असें दिसलें कीं, शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या अवयवांत लाविलेली कर्करोगाची गांठ अगदीं बारीक असतांनाच वाढावयाची थांबते. तीच उंदराच्या अंगांत लाविली कीं झपाट्यानें वाढते. फरक होता तो नव्या रक्तवाहिन्यांचा. १९७१ सालीं त्यांनीं मत मांडलें कीं, एक-दोन मिलिमीटरच्या पुढें जावयाचें तर गांठीस शरीराकडून नव्या रक्तवाहिन्या मिळवाव्याच लागतात. तो पाट बंद केला तर तिची वाढ खुंटेल. शेतास पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. विद्वानांस मात्र पटावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

पण हे पाट खणतो कोण? जवळच्या रक्तवाहिन्यांस फांटे फुटतात, एवढेंच पूर्वीं मानीत. १९९७ सालीं बोस्टन येथें ताकायुकी असाहारा व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, प्रौढ माणसाच्या रक्तांतही रक्तवाहिन्यांचें अस्तर बनूं शकणाऱ्या पेशी फिरत असतात. त्यांस आपण पूर्वपेशी म्हणूं. त्यांचें माहेर हाडांतील मज्जा. शरीराच्या डागडुजीचे हे गवंडी कर्करोग फितवितो व आपल्या कामास लावतो, असें अनुमान त्यावरून निघालें.

विषारी औषध मोठ्या मात्रेंत द्यावयाचें आणि मग रोग्यास सावरण्याकरितां कांहीं आठवडे थांबावयाचें, अशी उपचाराची रूढ रीत होती. मिलानचे फ्रान्सेस्को बर्तोलिनी व टोरोंटोचे रॉबर्ट कर्बेल यांच्या मंडळींनीं २००३ सालीं उंदरांवर दाखविलें कीं, या विश्रांतीच्या दिवसांतच मज्जेंतून पूर्वपेशींची नवी तुकडी बाहेर पडते. तेंच औषध थोडथोडें पण अखंड दिलें, तर त्यांची संख्या घटत जाते. या रीतीस संगीतांतील तालयंत्रावरून मेट्रोनोमिक हें नांव आधींच पडलें होतें. तबल्याचा ठेका आठवावा; आवाज मोठा नाहीं, पण खंडही नाहीं.

पुढें या उपपत्तीस धक्का बसला. २००८ सालीं हेलसिंकीच्या संशोधकांनीं उंदरांत बारकाईनें शोध केला, तेव्हां गांठीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत मज्जेंतून आलेल्या पेशी त्यांस सांपडेनात. मज्जेंतील पेशी स्वतः भिंत होण्यापेक्षां बाहेरून साहाय्य अधिक करीत असाव्यात, असें मत आतां बळावलें आहे. माझ्या मतें एवढ्यानें उपचार मोडींत निघत नाहीं. औषधाची परीक्षा अखेर रोग्याच्या आयुष्यानेंच व्हावयाची.

ती परीक्षा परळासच झाली. मस्तक व मान यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेले ४२२ रुग्ण २०१६ ते २०२० या काळांत घेतले व चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एकास दर तीन आठवड्यांनीं सिस्प्लॅटिन शिरेंतून दिलें. दुसऱ्यास आठवड्यांतून एकदां मेथोट्रेक्सेट व रोज दोन वेळां सेलेकॉक्सिब, म्हणजे नुसत्या गोळ्या. पहिल्या गटाचें मध्यम आयुर्मान ६.१ महिने भरलें, गोळ्यांच्या गटाचें ७.५ महिने; आणि गोळ्यांचा त्रासही कमी. दीड महिना तो काय, असें कोणी म्हणेल. यवतमाळ जिल्ह्यांतून दर तीन आठवड्यांनीं मजुरी बुडवून नागपूर-मुंबईच्या खेपा घालणाऱ्या कुटुंबास तें विचारावें! मेथोट्रेक्सेट हें जुनें व स्वस्त औषध. त्याच्या कुळांतील पहिलीं औषधें सिद्ध करविणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमावरमचे. मात्र गोळी आहे म्हणून ती कोणीं आपल्या मनानें घेऊं नये. आठवड्याची मात्रा रोज घेतली गेली, तर प्राणावर बेततें.

पुढचें पाऊलही तेथेंच पडलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १५१ रुग्ण होते. सर्वांस याच दोन गोळ्या व एर्लोटिनिब ही तिसरी दिली. सुमारें निम्म्यांस शिवाय निव्होलुमॅब हें प्रतिकारशक्ति जागविणारें महाग औषध, पण दर खेपेस अवघें २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षानंतर हयात असलेल्यांचें प्रमाण त्या गटांत ४३ टक्के भरलें; नुसत्या गोळ्यांच्या गटांत तें १६ टक्के होतें.